दोरगाठी, ओढकामाच्या : सोलापूर परिसर

दोराच्या साहाय्याने जड वस्तू ओढताना वा उचलताना दोर त्या वस्तूला, जनावराच्या जूला किंवा दुसऱ्या दोराला ज्या रचनेने पक्का करतात, तिला ओढकामाची गाठ म्हणतात. अशा गाठीकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते : ओढ वाढेल तशी ती अधिक घट्ट बसावी, गाठीपाशी दोर चेपला वा कापला जाऊ नये, आणि ओढ थांबताच ती कोयता न लावता हाताने सुटावी. या तिन्ही गुणांचा मेळ एकाच गाठीत क्वचितच बसतो. त्यामुळे कोणत्या कामाला कोणती गाठ घ्यावी, हा निवडीचा प्रश्न ओढकामाइतकाच जुना आहे. गाठ चुकली तर ओझे निसटते, दोर तुटतो आणि माणूस किंवा जनावर जायबंदी होते. म्हणून हे ज्ञान किरकोळ वाटले, तरी त्यावर कष्टकऱ्यांचा जीव अवलंबून असे.

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण असून तेथील वनक्षेत्र अत्यल्प आहे. गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सागवानी जंगलांप्रमाणे ओंडके ओढण्याचा स्वतंत्र व्यवसाय येथे उभा राहिला नाही. परंतु विहिरीवरील मोट, शेतातील नांगर, ओढ्याकाठच्या बाभळीचे तोडलेले खोड, कडब्याने भरलेली बैलगाडी आणि पुढे कापडगिरण्यांतील सूत या सर्वांना दोर वा धागा आणि त्याची योग्य गाठ यांची गरज होती. जंगलातील ओंडक्याची गाठ आणि सोलापूरच्या विहिरीवरील नाड्याची गाठ यांमागील तत्त्व एकच आहे. ते समजून घेण्यास हा परिसर विशेष उपयुक्त ठरतो.

प्रकार : मराठीत गाठींची मूलभूत विभागणी निरगाठ व सुरगाठ अशी आहे. जी गाठ एकदा बसल्यावर टोक ओढूनही सुटत नाही ती निरगाठ. जिचे मोकळे टोक ओढताच ती उकलते ती सुरगाठ. तिसरा प्रकार फासाचा. यात दोराचे कडे दोरावरच सरकते आणि ओढ वाढेल तसे आवळत जाते. चौथा प्रकार वेढ्यांचा. यात दोर स्वतःत न अडकता खुंट, खांब वा ओंडका यांभोवती फिरविलेला असतो व केवळ घर्षणाने धरून राहतो. दोन दोर एकमेकांना जोडणाऱ्या जोडगाठी हा पाचवा प्रकार होय. एकाच व्यवहारात यांतील अनेक प्रकार एकत्र येतात. शेतकरी जनावराचे दावे खुंटाला सुरगाठीने बांधतो, कारण आग लागली किंवा जनावर खुंटाभोवती गुरफटले, तर ते एका झटक्यात सोडविता यावे लागते. मात्र तेच दावे जनावराच्या गळ्याभोवती न सरकणाऱ्या कड्याने बांधतात. तेथे फास पडला, तर जनावर गुदमरते. एकाच दोराच्या दोन टोकांना दोन भिन्न गाठी असण्याचे कारण हे असे सरळ आहे.

प्राचीन परंपरा : प्रचंड ओझी दोराने ओढण्याचे सर्वांत प्रसिद्ध प्राचीन चित्र ईजिप्तमधील आहे. बाराव्या राजवंशाच्या काळातील जेहुतीहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात (इ. स. पू. सु. १९००) एक भव्य पुतळा घसरगाडीवर ठेवून १७२ माणसे चार रांगांनी ओढीत असल्याचे दाखविले आहे. पुतळ्याभोवतीचे दोरांचे आवळ आणि दोराखाली पुतळ्याच्या कडा घासू नयेत म्हणून घातलेल्या गाद्याही चित्रकाराने टिपल्या आहेत. ग्रीक परंपरेतील गॉर्डियमची गाठ हीसुद्धा मुळात ओढकामाचीच गाठ होती. एका गाड्याचे जू त्याच्या दांडीला त्या गाठीने बांधलेले होते. इ. स. पू. ३३३ मध्ये अलेक्झांडरने ती तलवारीने तोडली, अशी कथा आहे. गाठींचे पद्धतशीर वर्णन करणारा उपलब्ध असा सर्वांत जुना मजकूर हेराक्लास या ग्रीक वैद्याचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने शस्त्रक्रियेत व हाडे बसविण्याच्या कामी लागणाऱ्या सोळा गाठी व फास यांचे वर्णन केले. ते चौथ्या शतकातील ओरिबेसियस याच्या संकलनामुळे टिकून राहिले.

भारतात दोराचे महत्त्व भाषेवरून स्पष्ट होते. यज्ञवेदीच्या मापनासाठी रचलेल्या शुल्बसूत्रांतील ‘शुल्ब’ या शब्दाचा अर्थच दोरी असा आहे. भारतीय भूमितीचा एक आरंभ अशा प्रकारे ताणलेल्या दोरीपासून झाला. संस्कृतातील ‘गुण’ या शब्दाचाही एक अर्थ दोरीचा पेड किंवा धनुष्याची दोरी असा आहे. मराठीत लग्नगाठ, ब्रह्मगाठ, खूणगाठ असे शब्द रुळले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण तर दोर वळणाऱ्याच्या प्रत्यक्ष निरीक्षणातूनच आलेली दिसते.

परंड्याहून विजापूर : सोलापूरच्या आसमंतातील ओढकामाचे इतिहासप्रसिद्ध उदाहरण म्हणजे मलिक-ए-मैदान या तोफेची वाहतूक होय. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. तिची लांबी सु. ४·४५ मी. व वजन सु. ५५ टन आहे. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाहीतील मुरार जगदेव याने ती तेथून विजापुरास नेली. परंडे हे आजच्या सोलापूर जिल्ह्याच्या उत्तरेस व विजापूर दक्षिणेस असल्याने तोफेचा मार्ग याच प्रदेशातून जाणारा होता आणि त्यात भीमा नदी ओलांडणे अपरिहार्य होते. या कामी दहा हत्ती, चारशे बैल व शेकडो माणसे लागली, अशी परंपरागत माहिती दिली जाते.

चारशे बैलांची ओढ एका ओझ्यावर एकवटणे हा बळाइतकाच दोराचा प्रश्न असतो. पुढच्या जोड्यांची ओढ मागच्या सर्व जोड्यांच्या मधून जाणाऱ्या दोरातून ओझ्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे ओझ्याजवळच्या गाठीवर सर्वाधिक ताण येतो आणि दोर तेथेच तुटण्याचा संभव असतो. उतारावर प्रश्न उलटा होतो. तेथे ओझे पुढे धावू नये म्हणून मागून दोर धरून, तो खुंटाभोवती वेढे देऊन हळूहळू सैल सोडावा लागतो. नदीच्या वाळूत चाक वा घसरण रुतली की जोड्या सोडून, दिशा बदलून, पुन्हा बांधाव्या लागतात. तेथे हाताने न सुटणारी गाठ निरुपयोगी ठरते. तोफेवरील लेखात ती ओतणाऱ्या कारागिराचे नाव आहे आणि ती नेणाऱ्या सरदाराचे नाव इतिहासात आहे. तिचे दोर वळणारे व बांधणारे हात मात्र निनावी राहिले. ओढकामाच्या इतिहासात ही गोष्ट पुनःपुन्हा आढळते.

दोर व दोर वळणारे : गाठीचे गुण दोराच्या तंतूवर अवलंबून असतात. सोलापूर परिसरात दोरासाठी मुख्यतः अंबाडी, ताग व घायपात यांचा वाख वापरीत. अंबाडी शेताच्या कडेने किंवा अन्य पिकांत ओळीने पेरली जाई. कोवळेपणी तिच्या पाल्याची भाजी होई आणि पक्व झाल्यावर तिची ताटे पाण्यात कुजवून साल सोलीत. घायपात मूळची अमेरिका खंडातील असून ती बांधावर कुंपणासाठी रुजली. तिच्या पानांचा वाख राठ पण बळकट असतो. तंतू प्रथम एका दिशेने पिळून त्यांचे सूत, सुतांचे उलट दिशेने पिळून पेड आणि पेडांचे पुन्हा उलट पिळून दोर असा क्रम असतो. या परस्परविरोधी पिळांच्या समतोलामुळेच दोर उलगडत नाही. तीनपेडी दोर दोनपेडीपेक्षा गोल व गाठीला अनुकूल असतो.

दोर वळण्याचे काम गावगाड्यात मुख्यत्वे मांग (मातंग) समाजाकडे होते. बलुतेदारीच्या व्यवस्थेत शेतकऱ्याला लागणारे नाडे, सोंदूर, दावी, कासरे, शिंकी इ. वस्तू पुरविण्याबद्दल त्यांना सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते मिळे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूर जिल्ह्यावरील खंड १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात या समाजाच्या व्यवसायांमध्ये दोर वळण्याचा निर्देश आहे. मोटेचे कातडे कमावणे व शिवणे ही कामे ढोर व चांभार यांच्याकडे असत. ज्या विहिरीतून पाणी काढण्यासाठी हे कारागीर दोर व मोट करीत, त्याच विहिरीच्या पाण्याला स्पर्श करण्याची त्यांना बहुतेक गावी मनाई होती. दोर पाण्यात बुडे. तो वळणारा हात मात्र बाटविणारा मानला जाई. या विसंगतीची नोंद केल्याशिवाय दोराचा सामाजिक इतिहास पूर्ण होत नाही.

मोटेचा नाडा : सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बागायतीचा प्रमुख आधार विहीर व मोट हाच होता. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. तिचे रुंद तोंड लोखंडी कड्याने ताठ ठेवलेले असे आणि खालच्या बाजूस निमुळती सोंड असे. तोंडावरील आडव्या दांड्यांना जाड नाडा बांधून तो विहिरीच्या काठावरील चाकावरून बैलांच्या जूपर्यंत नेत. सोंडेला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोंदूर. तो काठावरील आडव्या लाटेवरून जाई. बैल धावेच्या उतारावरून पुढे गेले की मोट वर येई, सोंड थारोळ्यात पसरे व पाणी आपोआप पाटाला लागे. नंतर बैल मागे सरत आणि मोट पुन्हा पाण्यात उतरे.

या रचनेत गाठीची निवड अत्यंत काटेकोर असावी लागे. भरलेल्या मोटेत शंभर ते दोनशे लिटर पाणी असे. सु. चारशे किग्रॅ. वजनाचा एक असे दोन बैल सपाट जमिनीवर आपल्या एकत्रित वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे सु. ८० किग्रॅ. वजनाएवढी ओढ दीर्घकाळ देऊ शकतात. मोट उचलण्यास ती अपुरी पडते. म्हणून धावेला उतार देत. सहास एक अशा उतारावर बैलांच्या स्वतःच्या वजनाचा सु. १३० किग्रॅ. भार ओढीस मिळतो. नाडा तुटला किंवा सुटला, तर हा सर्व भार अकस्मात मोकळा होऊन बैल पुढे कोसळत. मोट हाकणारा नाड्यावर बसून आपले वजन ओढीत मिळवीत असेल, तर तोही फेकला जाई. आणि विहिरीत कोणी असल्यास मोट त्याच्या अंगावर पडे. त्यामुळे मोटेकडील गाठ निरगाठ असणे आवश्यक होते.

जूकडील बाजूस मात्र वेगळी गरज होती. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली जाई, तसतशी नाडा व सोंदूर या दोहोंची लांबी वाढवावी लागे. शिवाय दोहोंचे प्रमाण नेमके राखावे लागे. सोंदूर लांब झाला तर सोंड आधीच खाली लोंबून पाणी वाटेतच विहिरीत सांडे; तो आखूड झाला तर सोंड वेळेआधी ताणली जाऊन थारोळ्यात नीट पसरत नसे. म्हणून जूकडील गाठ ताण धरणारी, तरीही रोज उकलता येणारी अशी घ्यावी लागे. वनस्पतिज तंतू पाण्याने फुगतात व त्यांच्या गाठी चिकटून बसतात. ओल्या दोराची निरगाठ वाळल्यावर दगडासारखी होते. यामुळे ज्या ठिकाणी दोर भिजत असे, तेथे गाठ कायमची. जेथे तो कोरडा राही, तेथे वेढे व सुरगाठ, अशी विभागणी सोयीची ठरे. नाड्याचा मधला भाग चाकावर झिजे. तेथे गाठ अजिबात चालत नसे. तुटलेला नाडा जोडताना दोन्ही टोकांचे पेड उलगडून ते एकमेकांत विणीत. अशा सांध्यात दोराचे बहुतेक बळ टिकते आणि तो चाकावरून विनासायास जातो.

ओंडका ओढण्याची गाठ : सोलापूरच्या शेतीत लाकूड मुख्यतः बाभळीचे. गाडीची चाके, नांगर, कुळव व मोटेची चाके यांसाठी तेच वापरीत. तोडलेले खोड बैलांकरवी शेतातून ओढून आणताना पुढील रचना सर्वांत उपयुक्त ठरते. दोराचे टोक खोडाभोवती फिरवून दोराच्या उभ्या भागावरून वळवावयाचे आणि मागे आणून खोडाला लागून असलेल्या आपल्याच कड्याभोवती तीन-चार वेळा पिळावयाचे. दोर ताणला की हे पीळ खोड व दोर यांमध्ये दाबले जातात आणि गाठ पक्की होते. ताण गेला की ती बोटाने सुटते. तिला खरे तर एकही निरगाठ नसते. नाविक व लाकूडतोडे यांच्यात ही ‘टिंबर हिच’ म्हणून ओळखली जाते; मराठीत तिला ओंडकागाठ म्हणता येईल. फ्रान्समध्ये दीदरोच्या विश्वकोशाच्या १७६२ च्या चित्रफलकांत ती दाखविली आहे. धनुष्याच्या दोरीचे एक टोक आणि गिटारच्या तारांचे घोडीकडील टोक बांधण्यासही हीच गाठ वापरतात.

ओंडकागाठीचे तीन नियम अनुभवाने सिद्ध झालेले आहेत. पहिला, टोक दोराच्या पिळाच्याच दिशेने गुंडाळावे. उलट दिशेने गुंडाळल्यास पेड सैल होऊन पकड कमी होते. दुसरा, एक-दोन पिळांवर विसंबू नये. तिसरा, ओढ मध्येच सैल पडू देऊ नये, कारण या गाठीचा गुण तोच तिचा दोष आहे : ताण गेला की ती सुटू लागते. लांब ओंडका ओढताना केवळ ही गाठ पुरत नाही, कारण ओंडका आडवा फिरतो. अशा वेळी ओंडकागाठ मागे बांधून तोच दोर ओंडक्यावरून पुढच्या टोकाकडे नेतात आणि तेथे एक अर्धवेढा देतात. त्यामुळे ओढ ओंडक्याच्या लांबीच्या रेषेत येते व तो सरळ चालतो. अर्धवेढा टोकाच्या जवळ दिल्यास ओंडक्याचे नाक किंचित उचलले जाते आणि ते जमिनीत रुतत नाही. पुढचे टोक कुऱ्हाडीने गोलसर तासण्याचा हेतूही हाच असतो.

इतर गाठींशी तुलना केल्यास ही निवड अधिक स्पष्ट होते. दोन वेढ्यांची खुंटगाठ खांबावर उत्तम धरते, पण ओंडका लोळू लागला की दोर त्याबरोबर फिरून सैल होतो. न सरकणाऱ्या कड्याची ‘बोलाइन’ गाठ विश्वासाची असते. परंतु तिचे कडे ओंडक्याला आवळून धरत नाही व तो निसटतो. त्याच कड्यातून दोर ओवून फास केल्यास पकड येते, मात्र लहान व गुळगुळीत ओंडका त्यातूनही सरकू शकतो. साध्या फासाची निरगाठ ओढीने इतकी बसते, की दोर कापावाच लागतो. ज्या समाजात दोर हा हाताने वळलेला व जपून वापरावयाचा जिन्नस होता, तेथे दोर न कापता सुटणारी गाठ निवडणे हा काटकसरीचाही विचार होता.

गाठीमागील यांत्रिकी : गाठ कशामुळे धरते, याचे गणिती उत्तर लेओनार्ट ऑयलर याने १७६९ मध्ये आणि योहान आल्बर्ट आयटेलव्हाइन याने १८०८ मध्ये दिले. खांबाभोवती दोराचे वेढे वाढविले, तर धारणशक्ती बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते. दोर व लाकूड यांमधील घर्षणगुणांक ०·३ मानल्यास एका पूर्ण वेढ्याने सु. ६·६ पट, दोन वेढ्यांनी सु. ४३ पट आणि तीन वेढ्यांनी सु. २८६ पट ओझे धरता येते. म्हणजे तीन वेढे दिले, की ३०० किग्रॅ. वजनाएवढी ओढ एक-सव्वा किग्रॅ. बळाने रोखता येते. ‘तीन वेढे दे’ या जुन्या सांगण्यामागील कारण हे असे आहे. धावत्या ओझ्याला खुंटाभोवती दोर गुंडाळून आवरणारा गडी हेच तत्त्व हाताने जाणत असे.

मात्र गाठ दोराला दुबळेही करते. दोर जेथे आखूड वळणात वाकतो, तेथे बाहेरील तंतूंवर अधिक ताण येतो व आतील तंतू चेपले जातात. बऱ्याच गाठींत दोराचे बळ अर्ध्यापर्यंत उतरते. जाड ओंडक्याभोवतीच्या वेढ्यात वळण मोठे असल्याने ही हानी कमी असते. यामुळे तुटण्याच्या बळाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार दोरावर न टाकण्याचा नियम सुरक्षित मानतात. गाठींचा सैद्धांतिक अभ्यास एकोणिसाव्या शतकात केल्व्हिन व टेट यांच्या कार्यापासून गणिताची स्वतंत्र शाखा बनला. परंतु कामाच्या गाठींचा सर्वांत विस्तृत संग्रह क्लिफर्ड ॲश्ली या अमेरिकन चित्रकाराने १९४४ मध्ये सिद्ध केला. त्यात ३,८०० हून अधिक नोंदी आहेत. २०२० मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संशोधकांनी ताणानुसार रंग बदलणाऱ्या तंतूंच्या साहाय्याने गाठींची पकड अभ्यासिली. दोराचे भाग एकमेकांना किती ठिकाणी ओलांडतात आणि त्या ठिकाणी ते परस्परविरुद्ध दिशांनी पिळले जातात की नाही, यांवर गाठीचे स्थैर्य ठरते, असे त्यांनी दाखविले.

विणकरांची गाठ : सोलापूरची ओळख वस्त्रोद्योगाची. तेथील पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागाचा व पुढे यंत्रमागाचा व्यवसाय वाढविला. माग व मोट हे दोन वेगळे संसार असले, तरी गाठीच्या निवडीचा प्रश्न दोन्हीकडे समान होता. ताण्याचा धागा तुटल्यास जोडगाठ अशी हवी, की ती ताण सहन करील, फणीच्या दातांतून अडखळल्याशिवाय जाईल आणि क्षणात मारता येईल. यासाठी विणकर जी गाठ वापरतात, तिच्यात एका धाग्याचे कडे करून दुसरा धागा त्यातून वर काढतात, कड्याच्या मागून फिरवितात आणि स्वतःखाली अडकवितात. हीच गाठ कोळी जाळ्यात आणि नाविक दोन दोर जोडताना वापरतात. ओंडकागाठीप्रमाणे तीही आपल्याच ताणाने आवळली जाते. मात्र येथे ती सुटावयाची नसते. ती कापडातच राहते. म्हणून तिची टोके आखूड कापतात. विसाव्या शतकाच्या आरंभी हातात बसणारे गाठ मारण्याचे यंत्र अमेरिकेत निघाले आणि हे हस्तकौशल्यही हळूहळू यंत्राकडे गेले.

स्थित्यंतर : ओढकामाच्या गाठींचे महत्त्व प्रथम तारदोराने घटविले. जर्मनीतील हार्ट्‌स पर्वतातील खाणींत व्हिल्हेल्म आल्बर्ट याने १८३४ मध्ये लोखंडी तारांचा दोर वापरात आणला. तारदोर बळकट, पण त्याला गाठ मारता येत नाही. त्याला आकडे, कड्या व सांधे लागतात. १८८१ मध्ये जॉन डॉल्बीअर याने कॅलिफोर्नियात ओंडके ओढणारे वाफेचे यंत्र बनविले आणि मोठ्या जंगलांतील ओढकाम यंत्राकडे जाऊ लागले. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूर येथे वनविभागाने लाकूड ओढण्यासाठी हत्ती ठेवले होते. पुढे ते काम संपून हा तळ हत्ती पाहण्याचे ठिकाण म्हणून ओळखला जाऊ लागला.

सोलापूर जिल्ह्यात बदल विहिरीवर घडला. स्वातंत्र्योत्तर काळात तेलावर चालणारी इंजिने आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर ग्रामीण भागात पसरलेले विजेचे पंप यांमुळे मोट मागे पडली. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि कालव्याचे पाणी अनेक गावांत पोहोचले. मोट थांबताच नाडा व सोंदूर यांची मागणी संपली. बैलांऐवजी ट्रॅक्टर आला आणि ओंडक्याला साखळी लागू लागली. मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन अधिनियम, १९५८ याने गावकीच्या वतनांशी निगडित सेवेचे कायदेशीर बंधन नाहीसे केले. ही मुक्ती आवश्यक व न्याय्य होती. परंतु बंधनाबरोबर मागणीही गेली आणि दोर वळणाऱ्या कुटुंबांना त्यांच्या कौशल्याचा मोबदला नव्या बाजारात मिळाला नाही. अनेकांना मजुरीसाठी शहराची वाट धरावी लागली.

वनस्पतिज दोराची जागा आता नायलॉन व पॉलिप्रोपिलीन यांच्या दोरांनी घेतली आहे. ते हलके, न कुजणारे व बळकट असले, तरी गुळगुळीत असल्याने त्यांचा घर्षणगुणांक कमी असतो. अंबाडीच्या दोराला जेथे तीन वेढे पुरत, तेथे कृत्रिम दोराला अधिक वेढे व लांब मोकळे टोक ठेवावे लागते. शिवाय नायलॉनचा दोर ताणाखाली बराच लांबतो व तुटल्यास चाबकासारखा उसळतो. म्हणून ओढ चालू असताना दोराच्या रेषेत उभे राहणे धोक्याचे असते. विहिरीचा गाळ काढणे, वादळात पडलेले झाड रस्त्यावरून हटविणे, चिखलात रुतलेले वाहन ओढणे ही कामे आजही दोरानेच होतात. दोर नवा असला, तरी ताणात आवळणारी आणि ताण जाताच सुटणारी गाठ निवडण्याचा नियम जुनाच आहे. सोलापूरच्या विहिरींवर तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, आणि ज्यांनी तो घडविला व जपला त्यांची नावे कोणत्याही तोफेवर वा शिलेवर कोरलेली नाहीत.